ज्याचं टिंब त्याच्या हातचं

अहो,

तेराव्याच्या आधी भावोजी छापखान्यातून पत्रकं घेऊन आले. पातळ कागद, काळी चौकट आणि तुमच्या नावाआधी 'कै.'. गावाकडच्या, गोरेगावच्या, मुलुंडच्या नातलगांना पाठवायचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वैनी, एकदा नजर घाल गो. काय चुकला असात तर."

वहिनीची खोड धाकट्या दिराला ठाऊक आहे. मास्तरीण आहे मी. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ऱ्हस्वदीर्घ बघते, मग मुलगी कुणाची ते. मी नजर घातली. चूक काही नव्हती. मात्रा जागच्या जागी, टिंब जागच्या जागी. मला एवढंच सुचलं, की हे टिंब दिलं कुणी? छापखान्यातल्या खिळ्यानं. तुमच्या गाळ्यातून अशी पाटी बाहेर पडली नसती. मी "बरोबर आहे" म्हटलं आणि आत गेले.

तुम्ही गेल्यापासून लोक येतात आणि तुम्ही किती चांगले होतात ते मला सांगतात. ते मला माहीत आहे. मला बोलायचंय ते आपल्या भांडणांबद्दल. संसार जेवढा व्हायचा तेवढा झाला, भांडणं मात्र अर्धी राहिली.

घाटकोपर स्टेशनजवळचा तुमचा तो गाळा. पाट्या रंगवणाऱ्याचं दुकान आणि दाराला पाटी नाही. कुणी विचारलं तर म्हणायचात, "न्हाव्याची हजामत कोण करता, ता सांगा आधी." आत टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकवलेले पत्रे, आणि मधे तुम्ही मांडी घालून. दोरीला खडू फासायचा, ती पत्र्यावर ताणून सोडायची, पांढरी रेघ उठायची, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर लटकायला लागायचं. गुजराती पाटी असली की शेवटी ती रेघ पुसून टाकायचात. "तेंच्या अक्षरांका छप्पर नाय गो," असं मला सांगायचात, जणू त्या अक्षरांना पावसात भिजावं लागणार होतं.

आणि तुमची ती रीत. साऱ्या घाटकोपरात ती दुसऱ्या कुठल्याच पेंटरची नव्हती. 'डॉ.' असो, 'मे.' असो, 'प्रो.' असो, अक्षरं सगळी तुम्ही काढायचात, पण नावाच्या पुढचं ते टिंब सोडून द्यायचात. पाटी न्यायला माणूस आला की त्याच्या हातात ब्रश द्यायचा. ज्याचं टिंब त्याच्या हातचं. मोठमोठे शेठ धोतर सावरत तुमच्या पत्र्यापुढे उकिडवे बसलेले मी पाहिले आहेत. कुणाचं टिंब मसुराएवढं व्हायचं, कुणाचं वाटाण्याएवढं, कुणाचं ओघळायचं. तुम्ही दुरुस्त करायचा नाहीत. मी एकदा म्हटलं, "हा काय पोरखेळ? लोक हसतात." तर तुम्ही म्हणालात, "अक्षरां माझी. पण टिंबापुढे जो शब्द ऱ्हवता ना, तो तेचो. तो तेणाच राखूक व्हयो."

हे मला तेव्हा पटलं नव्हतं. माझं म्हणणं, शब्द लिहायचा तर पुरता लिहा. अर्धा लिहून टिंब देणं म्हणजे पाहुण्याला दारात बोलावून उंबऱ्यावरून परत पाठवणं. 'एम. बी. बी. एस.' हे मराठीत लिहायचं, म्हणजे नक्की काय लिहायचं? धड इंग्रजी नाही, धड मराठी नाही. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, "आणि तुझा व्ह. फा. ता काय संस्कृत?" व्हर्नाक्युलर फायनल पास झाले याचा मला अभिमान होता, आणि ते 'व्ह. फा.'च लिहायचं असतं हेही खरं होतं. मग मी दुसरीकडून सुरू करायची.

दुसरीकडे म्हणजे ऑफिस, डॉक्टर, हॉल. मी म्हणायची, परका शब्द घेतला तर त्याच्या घरी जसा बोलतात तसा लिहावा. आ-वर चंद्र द्या, आपल्या लिपीत तेवढी सोय आहे. तुम्ही म्हणायचात, तो शब्द आता त्याच्या घरी राहिला कुठे? आपल्या चाळीत 'हापीस' म्हणतात, शेठ 'ओफिस' म्हणतात, साहेब आणखी काही म्हणतो. एकाच पत्र्यावर मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहायला तुम्हाला कसलीच अडचण वाटत नसे. "पावणो ज्येच्या घरी जेवता, तेच्यासारखो बोलता," हा तुमचा सिद्धांत. आणि त्यावर कडी म्हणजे, "माणूस मरता मरता 'डाक्टर' म्हणतलो. 'डॉक्टर' म्हणूक तेका येळ खंय?"

हे तुम्ही हसत म्हणाला होतात. पत्र्यावर पिवळ्या रंगाचा हात चालला होता तुमचा, आणि मी दारात डबा घेऊन उभी होते.

मुलुंडच्या त्या मद्रासी मास्तरांची पाटी आठवते? शिकवणी घ्यायचे ते. एम. ए. होते आणि स्वतः 'यम. ए.' म्हणायचे. त्यांच्याकडे तसंच म्हणतात, त्यात त्यांची चूक नव्हती. पण ते समोर उभे राहून "यम, यम" सांगत होते आणि तुमचा ब्रश काही खाली उतरेना. शेवटी तुम्ही हात जोडलेत, "सायबा, ह्यो पावणो दारार लिवन घेव नुको." त्यांना कळल्यावर ते इतके हसले की टिंब देताना हात हलला आणि ते 'ए'च्या अंगावर गेलं. तुम्ही तसंच ठेवलंत. घरी येऊन मला सांगितलंत तेव्हा मीही हसले. आता त्या गोष्टीवर हसवत नाही.

गोरेगावच्या स्टुडिओत तुम्हाला पाटीचं काम मिळालं तेव्हा मला बरोबर नेलं होतंत. लाकडी फळ्यांची खोटी गल्ली, खोटा दवाखाना, त्यावर लावायची डॉक्टरची पाटी. सगळी अक्षरं झाली आणि तुम्ही अडून बसलात. डॉक्टरच खरा नाही, तर टिंब द्यायचं कुणी? तिथला माणूस वैतागला. म्हणाला, "परब, पडद्यावर ते टिंब दिसणारसुद्धा नाही." तुम्ही डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला शोधून आणलंत. तोंडाला रंग फासलेला तो गृहस्थ ब्रश घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी देऊ? मी तर संध्याकाळी डॉक्टर उरणार नाही." तुम्ही म्हणालात, "संध्याकाळपर्यंत तुमचाच." परतताना मी तुम्हाला चिडवलं, तर तुम्ही हसला नाहीत. तेव्हा प्रथम मला कळलं की हा तुमचा खेळ नव्हता. तुम्हाला खरोखर वाटत होतं की अर्ध्या शब्दाला कुणीतरी वाली लागतो.

आणखी एक भांडण होतं आपलं. ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नात उखाण्यात मी तुमचं नाव घेतलं, ते शेवटचं. मग आपलं 'अहो', 'हे', 'आमच्याकडे', 'ऐकलंत का'. आईनं घेतलं नाही, सासूबाईंनी घेतलं नाही, मग मी कशी घेणार? तुम्हाला मात्र त्याची भारी हौस. जेवता जेवता मधेच, "एकदा माझा नाव घे गो." मी म्हणायची, "हळदीकुंकवाला घेईन." हळदीकुंकू यायचं, जायचं, मी बायकांच्या गलक्यातून निसटायची. मग तुम्ही, "बरा, आख्खा नको. अर्धा घे. टिंब देऊन." तेव्हा मी "द" म्हणायची. तेवढ्यावर तुम्ही खूश व्हायचात आणि ताटातला मासा माझ्या ताटात टाकायचात. अर्धे शब्द नकोत म्हणून बाहेर भांडणारी मी, घरात तुम्हाला एका अक्षरावर भागवत होते.

आपल्या घरात 'चि.' लिहायचा योग आला नाही. ते दुःख आपण फारसं बोलून दाखवलं नाही. माझी शाळा होती, तुमच्या पाट्या होत्या.

शाळेच्या व्हरांड्यात शिक्षकांच्या नावांची पाटी तुम्हीच केलीत. डावीकडे मराठी वर्ग, उजवीकडे गुजराती. हेडमास्तरांना वाटलं, रंगवून झाली, आता टांगायची. तुम्ही सगळ्यांना रांगेनं बोलावलंत. हेडमास्तरांनी आधी नाक मुरडलं, पण आपल्या 'श्री'पुढचं टिंब असं काही मन लावून दिलं की ते सगळ्यांत मोठं झालं. माझी पाळी आली. पाटीवर तुम्ही लिहिलं होतंत, 'सौ. सुमती द. परब', पण टिंबांवाचून. माझं नाव तुमच्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्यांची नावं सारख्याच मापानं काढलेली, पण माझ्या 'सु'च्या उकाराला तुम्ही जरा जास्तच वळण दिलं होतंत. ते मला दिसलं आणि तुम्हाला कळलं की मला दिसलंय.

तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात. 'सौ'पुढे मी टिंब दिलं. 'द'पुढे द्यायला गेले तर तुम्ही ब्रश काढून घेतलात. "ह्या नाव माझा. टिंब माझा." सगळ्या मास्तरांसमोर. माझे कान तापले. गुजराती वर्गाच्या कांताबेन पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग हा श्रावण. तुमचा खोकला. तो रंगाचा आहे, टर्पेंटाइनचा आहे, असं तुम्ही म्हणत राहिलात आणि मीही मानत राहिले. त्या दुपारी तुम्हाला श्वास घेता येईना तेव्हा मी जिन्यात धावले आणि ओरडले. काय ओरडले ते सांगते. "डाक्टर, डाक्टरांना बोलवा." तुमचा शब्द माझ्या तोंडून आला. इतकी वर्षं मुलांच्या पाटीवर चंद्र काढून देणारी मी. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही बरे व्हाल, उशाला टेकून बसाल, आणि मी हरले म्हणून सांगीन, मग तुम्ही महिनाभर मला त्यावरून छळाल, असं तेव्हाही वाटत होतं. तुम्ही तेवढा अवकाश दिला नाहीत.

डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्याची पाटी तुमचीच. त्यांनी नाडी धरली, सोडली, चष्मा काढून पुसत बसले. जाताना दारात म्हणाले, "वहिनी, पाटीवरचं टिंब मी दिलंय, माझा हात धरून त्यांनी शिकवलं होतं." एवढंच बोलले. फी घेतली नाही.

कपाळ पुसायचं ते पुसलं गेलं. जाऊबाईंनी पुसलं. मी रडले नाही याचं बायकांना नवल वाटलं. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. कुंकवाचं टिंब रोज सकाळी मी माझ्या हातानं लावत होते, पण पुसताना ते माझं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही.

शाळेत रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "बाई, इन्स्पेक्टर यायचे आहेत. पाटीवर ते... तुमच्या नावाआधी..." मी म्हटलं, "हो. बदलायला हवं." ते सुटल्यासारखे बोलायला लागले. "'गं. भा.' लिहावं असं एकजण म्हणाले. मला विचाराल तर 'श्रीमती' बरं. नव्या पद्धतीचं आहे. तुम्ही सांगाल तसं." माणूस वाईट नाही हो. त्यांनाही ते नको झालं होतं.

तुमचा मित्र अनंत पेंटर आला. चाकू, चिंधी, टर्पेंटाइनची बाटली. व्हरांड्यात पाटी उतरवून ठेवली होती. तो बसला आणि नुसता बसूनच राहिला.

"वैनी, माझ्याच्यान नाय व्हनार," तो म्हणाला. "त्याच्या अक्षराला चाकू लावू मी?"

"लावा," मी म्हटलं. "खोटं लिहिलेलं राहिलं तर त्यांना चालायचं नाही."

त्यानं चिंधी भिजवली. तो वास आला आणि मला वाटलं तुम्ही मागे उभे आहात. 'सौ'चा काना गेला, मात्रा गेल्या, मग 'स' गेला. तुम्ही काढलेला तो 'स', पोटात गोल, मी मुलांना गिरवायला देते तसा. मी तेव्हा रडले. व्हरांड्यात, मुलांच्या समोर, कपाळ पुसताना रडले नव्हते तेवढी रडले. अनंतनं चिंधी पुढे नेली तसा मी त्याचा हात धरला.

"ते राहू द्या."

"वैनी, टिंब हाय नुसतं."

"माझं आहे ते."

त्याला कळलं. त्यानं चिंधी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. हेडमास्तर बाहेर आले. म्हणाले, "बाई, आता 'श्रीमती' लिहून घेऊ." मी म्हटलं, "'श्रीमती' हा पुरता शब्द आहे, त्याला टिंब लागत नाही. मग हे पुसावं लागेल. ते मी पुसू देणार नाही." ते गोंधळले. "मग 'गं. भा.' लिहायचं?" मी म्हटलं, "नाही. काही नको." "बाई, रिकामं कसं ठेवायचं? आधी नुसतंच टिंब? बघणारा काय म्हणेल?" त्यांनी पाटीकडे पाहिलं. वर त्यांचं स्वतःचं टिंब होतं, ते सगळ्यांत मोठं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "टांगा."

तर आता पाटी अशी आहे. आधी थोडी मोकळी जागा, तिथला रंग जरा फिकट. मग माझं टिंब. मग सुमती, तुमच्या वळणाच्या उकारासकट. मग द, आणि त्यापुढे तुमचं टिंब. रोज शाळेत शिरताना मी तिथं क्षणभर थांबते. मुलं बघतात, पण माझ्या वर्गातली मुलं आगाऊ नाहीत.

आज इन्स्पेक्टर आले. गुजराती गृहस्थ, वयस्कर, छत्री घेतलेले. वर्ग पाहिले, फळे पाहिले, आणि जाता जाता व्हरांड्यातल्या पाटीपुढे थांबले. माझ्या नावाआधीच्या टिंबावर बोट ठेवलं.

"आ टपकुं शानुं?"

मी उत्तर देणार इतक्यात हेडमास्तर म्हणाले, "ते बाईंचं आहे, साहेब. तसंच ठेवायचं आहे." आवाज इतका ठाम, की इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट पुढं सरकलं.

"ने आ 'द' एटले?"

त्यांच्यात नवऱ्याचं नाव बाईच्या नावामागे सबंध लावतात, कांताबेनच्या ओळीत तसंच आहे, म्हणून 'द' म्हणजे काय ते त्यांनी सहज विचारलं. व्हरांड्यात मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही, हे आपल्या लोकांना ठाऊक. हेडमास्तर माझ्याऐवजी सांगायला पुढे झाले. मी त्यांना हातानं थांबवलं. तुम्ही म्हणाला होतात, टिंबापुढे जो शब्द राहतो तो ज्याचा त्यानं राखावा. तुमचा राखायला आता तुम्ही नाही. मग मीच की.

"दत्ताराम," मी म्हटलं.

कांताबेननी पदर तोंडाला लावला, या वेळी हसायला नव्हे.

"अच्छा. सुमतीबेन दत्तारामभाई," इन्स्पेक्टर म्हणाले. पाहुणा त्यांच्या घरी गेला आणि त्यांच्यासारखा बोलला. तुम्हाला आवडलं असतं. मग ते छत्री टेकत पुढच्या वर्गाकडे गेले, त्यांच्यामागून हेडमास्तर आणि बाकीचे गेले. व्हरांड्यात मी आणि पाटी उरलो.

"दत्ताराम," मी पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी विचारलं नव्हतं.